नारळाचं पाणी आणि राखीची गाडी

आर्णीजवळच्या तांड्यावर संगीताबाई राठोड विज्ञान शिकवायच्या. बाई रागावल्या तरी पोरांना हसू यायचं, इतक्या मऊ मनाच्या. पण त्या दिवशी यवतमाळच्या सभागृहात, रोबोट स्पर्धेच्या तपासणी टेबलापुढे, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आठवीतल्या राखीनं चेंडू उचलणारी छोटी गाडी केली होती. तिचा बाप उत्तमसिंग ऊसतोडीला निघालेला, पोरीलाही नेणार होता. बाईंनी विनवण्या करून त्याच्याकडून एक शब्द घेतला होता.

"गाडी तिथं चालताना दिसली, तर ठेवतो पोरीले शाळेत."

आता तो पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर रुमालाची घडी.

टेबलामागचे बबनराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी बॅटरीचं झाकण काढून बोट फिरवलं. बोट लाल आणि ओलं निघालं.

"हिले आंघोळ कोणं घातली?"

"आजीनं पूजा केली जी," राखी पुटपुटली. "नारळ फोडला."

ट्रॅक्टर असो की सायकल, नवं वाहन पूजेवाचून तांड्याबाहेर जात नाही. रुपीबाईनं नातीच्या गाडीलाही तोच मान दिला होता, अगदी सढळ हातानं.

"बाद," बबनराव म्हणाले.

"भाऊ, पुसतो आम्ही. उन्हात ठेवतो घडीभर."

"आता तुमचाच डाव हाय, बाई. दुसऱ्यांदा तपासाची सोय नाही. अन् ओली बॅटरी सोडली, तर पोरीचा हात भाजन."

"मंग सकाळीच काहून नाही तपासत? दिवस उगवल्यापासून इथंच बसून राह्यलो आम्ही."

बबनराव उठून आयोजकांकडे गेले, पडल्या चेहऱ्यानं परतले. पडदा वर जायच्या आधीच खेळ संपला होता.

बाई उत्तमसिंगापुढे उभ्या राहिल्या. "दादा, वाळली का तांड्यावर चालवून दाखवते."

"ट्रक उभा हाय, बाई." त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "तुमचा काही दोष नाही. पूजा माह्या मायनंच केली."

राखी ओढणीनं गाडी पुसत होती. अजूनही पुसत होती.

पुढच्या वर्षी बबनरावांनी भांडून नियम बदलून घेतला. तपासणी सकाळीच, दोष निघाला तर दुरुस्तीला दुपारपर्यंत वेळ, मग पुन्हा तपासणी. टेबलाशी त्यांच्या शेजारी संगीताबाई बसणार होत्या.

हे सांगायला त्या रुपीबाईकडे गेल्या. म्हातारी उंबऱ्यात बसली होती.

"औंदा म्या कोणत्याच गाडीची पूजा नाही केली, बाई. हातच उचलत नाही."

"करा ना आजी. फक्त बॅटरी काढून ठेवायची. अन् ओली झाली तरी आता वाळवू देतात."

रुपीबाईनं मान हलवली. मग विचारलं, "मंग राखी येईन का शाळेत?"

राखी बापासोबत पुन्हा उसाच्या फडावर गेली होती. बाई उंबऱ्यातच खाली बसल्या.