ओल्या पापडावर पारखलेली काठी

आमच्या दारव्ह्याच्या कॉलनीतल्या वायरमन काकाजींना माशांची किळस यायची, आणि दर रविवारी ते मासे धरायला धरणावर जायचे. मासा गळाला लागला की नाक मुरडून, पिशवी हातभर लांब धरून ते तो आत सोडत. घरी आले की लिंबाची फोड आणि राख घेऊन कोपरापर्यंत हात घासत. एवढं करून खायच्या त्या काकू. काकू उमरखेडकडच्या, पैनगंगेच्या काठावर वाढलेल्या. मरळीचा रस्सा झाला नाही तर आठवडा फुकट गेला असं त्यांना वाटे. "तिले आवडते, मंग मी काय करू," काकाजी म्हणत, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेतला होता.

'शी' हा त्यांचा शब्द. माझ्या लग्नातली जिलबी शी, नवा ट्रान्सफॉर्मर शी, पोळ्याला सजवलेल्या बैलाची झूलही शी. त्यांनी नाक मुरडलं की काकू पदर तोंडाला लावून हसत, आणि ते पाहून काकाजी आणखी मुरडत. मला वाटतं, निम्मी नाकं ते काकूंसाठीच मुरडत असावेत.

गांडूळ हातात धरायचं म्हटलं की त्यांना उमासे येत. म्हणून त्यांनी नकली मासा धरला. बोटभर लांब, रंगीत, तोंडाशी चमच्यासारखी जीभ, पोटाखाली दोन तिकडी, म्हणजे तीन टोकांचे, गळ. दोऱ्याचं रीळ फिरवलं की ती जीभ पाणी कापते आणि मासा थरथरत खाली जातो. व्हिडिओवाले त्याला क्रँकबेट म्हणतात. काकाजी त्याला स्वच्छ मासा म्हणत.

या स्वच्छ माशासाठी गळाची काठी निवडणं हा मात्र सोहळा असे. यवतमाळच्या दुकानात ते स्टीलचा डबा घेऊन जात. डब्यात काकूंनी लाटलेला मुगाचा पापड, पाण्यात भिजवून मऊ केलेला. काठीला दोरा ओवायचा, गळ पापडाच्या कडेला टोचायचा, पापड मी दोन्ही हातांनी धरायचा आणि काकाजींनी काठी उचलायची. पापड फाटला की काठी शी. "मरळीचं तोंड म्हंजे हाड," ते सांगत. "हे बारके गळ आत घुसत नाईत, कातडीले लटकते. काठी कडक असली का कातडी फाटते अन् मासा गेला. काठीनं आधी वाकलं पाह्यजे." दुकानदार आधी हसायचा, पुढे पुढे स्वतःच काउंटर पुसून द्यायला लागला. घरी काकू विचारत, "आज किती पापड फाडले जी?"

मी काही त्यांचं ऐकलं नाही. मोबाइलवर पाहून एक काळी, चकचकीत कार्बनची काठी मागवली. वाकवू म्हटलं तर वाकायची नाही, याचाच मला अभिमान. काकाजींनी ती दोन बोटांनी उचलली. "आपल्या लोकाईले काठी म्हटलं का साप मारनंच आठवते. याच्यानं कुत्रं हाकल लेका." मला राग आला. त्यांची ती पिवळी पडलेली, लवलवणारी फायबरची काठी मला म्हाताऱ्या माणसाचं खेळणं वाटायची.

मागच्या हिवाळ्यात काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जेवण तुटलं. वरणाच्या वासानं त्या तोंड फिरवत. दूध समोर आणलं तरी उलटी होई. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. काकूंनी एकच गोष्ट मागितली. "धरनातली मरळ आना. ताजी."

काकाजींचा उजवा खांदा, पूर्वी खांबावरून पडून दुखावलेला, त्याच दिवसांत आखडला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. सकाळीच माझ्या दारात येऊन म्हणाले, "तुले फेकाव लागते." आपली काठी त्यांनी सोबत आणली होती. मी ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि माझी काळी काठी काढली. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत बसले. माणूस अडला की समोरच्याच्या मूर्खपणालाही मान देतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

धरणाचा काठ म्हणजे उकिरडा झाला होता. कागदी प्लेटा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या, कुणाच्या तरी पार्टीची हाडं. तिथेच उभं राहून मी दीड तास नकली मासा फेकत होतो. मग दोरा ताणला गेला. पाण्यावर मरळीची पाठ दिसली, हातभर लांब. "हळू," काकाजी म्हणाले. "हळू, बापा." मी साप मारावा तसा झटका दिला. काठी जराही वाकली नाही. दोरा मोकळा होऊन परत आला, आणि तिकडी गळावर पांढऱ्या कातडीचा एक तुकडा लटकत होता.

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी शी म्हणावं, शिवी द्यावी, थुंकावं, अशी माझी इच्छा होती. त्यांचं नाक हललंसुद्धा नाही. त्यांनी तो तुकडा नुसत्या बोटांनी काढला आणि हात न धुता गाडीत बसले.

परतताना बाजारातून बर्फातली मरळ घेतली. काकूंनी एक वास घेतला आणि भिंतीकडे वळल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही. बाराव्या दिवशी त्या गेल्या. एका माशानं त्या वाचल्या असत्या असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्या तोंडचा तो घास मी हिरावला. काळी काठी मी मोडायला घेतली तर मेली मोडेसुद्धा ना. भंगारवाल्याला देऊन टाकली. ती हातातून गेली तरी स्वतःची किळस गेली नाही.

काकाजींनी नाक मुरडणं सोडलं. कॉलनीतले म्हणाले, म्हातारा शांत झाला. मला ती शांतता बघवत नव्हती.

या उन्हाळ्यात एकदा ते डबा घेऊन दारात आले. "चाल, तुले काठी घेऊ." दुकानात पहिल्या काठीला त्यांनी नाक मुरडलं, आणि मला बरं वाटलं. मग एक लांब, मऊ फायबरची काठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि डबा उघडला. पापड काकूंच्या हातचा होता. मी विचारलं, "आणखी आहेत?" "हाच राह्यला," ते म्हणाले. या वेळी पापड त्यांनी धरला. गळ टोचला. "उचल."

मी आधी दोरा ताणून घेतला. मग मी काठी इतकी हळू वर घेतली की दुकानदारही काउंटरवर वाकून पाहू लागला. शेंडा वाकला, मग मधला भाग वाकला, आणि पापड तसाच राहिला.

काकाजींनी गळ सोडवला. पापडाला पडलेलं बारीक भोक त्यांनी अंगठ्यानं दाबून बुजवलं.

"तवा धरनावर असंच उचललं असतं तर," एवढंच ते म्हणाले, आणि पापड डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं.