इरल्यावरचं पिवळं

आमचे हे घाटात मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांच्या गँगकडे असे. कशेडीची वळणं, त्यांची गटारं, पावसात खाली येणारी माती आणि धोंडे, हे सगळं चार माणसांनी बघायचं. तेव्हा वीरला स्टेशन नव्हतं, रेल्वेचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुंबईहून खाली जायचं आणि खालून मुंबईला यायचं ते सगळं आमच्या घाटातूनच जाई.

लग्न होऊन चार-पाच पावसाळे झाले असतील. एकदा मी दुपारची भाकरी घेऊन वर गेले. धुकं होतं, पण वळणापुढचा रस्ता दिसत होता. मी थांबून इकडे-तिकडे बघितलं. डोंगराकडेला मातीचा ढीग, एक झुडूप, फावडं टेकवून ठेवलेलं. माणूस कुठेच नाही. मी तशीच उभी राहिले. मग ते झुडूप हललं आणि उठून माझ्याकडे वळलं. तेच होते. डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेऊन वाकून गटारातला गाळ काढत होते. बांबूच्या कामट्या आणि पळसाची वाळलेली पानं, भिजून डोंगरासारखीच झालेली. मी त्यांना शोधायला म्हणून आले होते, माझी नजर दोन-तीनदा त्यांच्यावरून फिरली होती, तरी मला माझा नवरा दिसला नाही. मग गाडी चालवणाऱ्याला, जो कुणालाच शोधत नसतो, त्याला काय दिसणार?

मी त्यांना तसं म्हटलं तर ते हसले. म्हणाले, परवा एका ट्रकचा वारा कानाला लागून गेला. हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं.

लाल झेंडी होती की, असं कुणी म्हणेल. होती. पण दरड येते तेव्हा मागे उघडा पडलेला सगळा डोंगर लाल असतो. त्याच्यापुढे भिजून काळपटलेली लाल झेंडी धरली तर ती कुणाला दिसत नाही. शिवाय झेंडी मोठी दरड आली तरच निघे. रोजच्या गाळ-मातीला झेंडी कोण धरणार? एका हातात झेंडी धरली तर फावडं कशानं मारणार?

नजरेचं मला लहानपणापासून कळत होतं, कारण मला तिची भीती वाटे. चौथी झाली आणि शाळा सुटली, ते मला बरंच वाटलं. वर्गात उठून उभं राहायला लागायचं, सगळे बघायचे. लोकांच्या नजरेतून कसं सुटायचं हे मी आपलं आपण शिकले होते. लग्नकार्यात गर्द रंगाच्या लुगड्यातल्या बाईच्या शेजारी बसायचं, म्हणजे बघणारा तिच्यापाशी थांबतो. हलायचं नाही. हललं की डोळा येतो. आमच्या कोंबडीची पिल्लं घार आली की जागच्या जागी थिजत, आणि घारीनं नेलं ते तांबड्या पिल्लांतलं एकुलतं पांढरं. तेही थिजलेलंच होतं. सगळ्यांत वेगळं दिसणाऱ्याला थिजून उपयोग नसतो.

आता मला याच्या उलट करायचं होतं. घार नसलेल्या डोंगरात माझा माणूस पांढऱ्या पिल्लासारखा दिसायला हवा होता.

पांढरं कापड धुक्यात बुडतं, ते मी करून बघितलं. हिरवं तर पावसात प्रश्नच नाही. मग मी ट्रंकेतून माझं लग्नातलं पिवळं लुगडं काढलं, मामानं दिलेलं. हळदीच्या दिवशी नेसले होते, त्यानंतर घडी मोडली नव्हती. कात्री लावली तेव्हा सासूबाई दारात आल्या.

"नवरा जिता हाय ना गो तुजा? लग्नाचं लुगडं कापतेस ती?"

मला तोंडावर उत्तर देता येत नसे. हाताएवढा रुंद पट्टा कापून मी तो इरल्याच्या पाठीवर उभा-आडवा शिवला. पदरातला गडद भाग वर डोक्याकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी गँगमध्ये हसण्याला ऊत आला. मुकादम म्हणाला, नवरदेव आले, वाजंत्री कुठंय. कुणी विचारलं, हळद उतरली नाय काय रे अजून? यांनी संध्याकाळी येऊन इरलं भिंतीला उलटं टेकवलं, म्हणजे पिवळं दिसणार नाही असं. मी ते सुलटं केलं. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी ते सुलटंच ठेवलं. कारण गाड्या लांबूनच हॉर्न देऊ लागल्या होत्या. वेग कमी करून, बाजूला घेऊन जात होत्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, दादानं सांगितलं.

दादा म्हणजे गँगमधला यांचा जोडीदार. पलीकडच्या वाडीतला, वयानं यांच्याहून मोठा. त्याच्या बायकोला मी वैनी म्हणे. दोघं नेहमी जोडीनं काम करत, एक डोंगराकडेला, एक दरीकडेला. दादा इरलं वापरत नसे, काळी घोंगडी घेई. म्हणे, इरल्यात मान अवघडते.

त्या वर्षीचा पाऊस मला सुखाचा गेला. वर दरड पडल्याचं ऐकलं तरी हातातलं काम थांबत नसे.

पुढच्या पावसाळ्यात एका धुक्याच्या सकाळी माती रस्त्यावर आली होती. फार नव्हती, पण रस्ता निम्मा झाला होता. हे डोंगराकडून माती ओढत होते, दादा दरीकडेला धोंडे लोटत होता. पोलादपूरकडून ट्रक आला. ड्रायव्हरनं यांना लांबूनच बघितलं. हॉर्न दिला, वेग उतरवला आणि गाडी दुसऱ्या बाजूला घेतली, दादाच्या बाजूला.

सगळे धावले तेव्हा दादा रस्त्यावर आडवा होता आणि मांडी भलत्याच दिशेला वळली होती. त्याच ट्रकमध्ये घालून त्याला महाडला नेलं. ड्रायव्हर पळाला नाही. दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता, आणि जो येई त्याला तेच सांगत होता. यांनी मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

"ते पिवळं दिसलं. त्यालाच वाचवत होतो मी. दुसरा माणूस होता हे मला ठाऊकच नाय."

सांगून झाल्यावर ते उठले. इरलं मांडीवर घेतलं आणि कोयत्याच्या टोकानं एकेक टाका उसवला. पट्टे गुंडाळून माझ्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी ते नुसतं इरलं घेऊन निघाले. मी दारात उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांची वाट अडवून. म्हटलं, दादांचा पाय मोडला तो धुक्यानं, अरुंद रस्त्यानं, त्यात तुमचा काय दोष? तुम्ही असे गेलात तर उद्या तुम्हीपण तसेच पडाल, आणि मग काय बरोबरी होणार आहे?

"त्याची नजर माज्यावर आली, म्हणून दादावरनं गेली," ते म्हणाले. "तुजं कापड मी घालणार नाय."

गेले. मी तो सगळा दिवस काहीच केलं नाही. तांदूळ निवडायला घेतले तर खडे दिसत नव्हते. त्यांचं खोटं नव्हतं, हेच मला सोसत नव्हतं. डोळ्याला एक जागा दिली की तो बाकीच्या जागा सोडून देतो, हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. मी स्वतः तसंच तर लपत आले होते, दुसऱ्या बाईच्या रंगाआड. दादा यांच्या पिवळ्याआड लपला होता, न लपता.

पाऊस अजून दोन महिने होता आणि माझा माणूस रोज झुडूप होऊन घाटात जात होता. बोलून ते ऐकणार नव्हते. ऐकलं असतं तर फक्त दादाच्या घरच्यांचं.

दादाला घरी आणल्यावर मी त्यांच्या वाडीत गेले. ओटीवर बघायला आलेल्या बाया बसल्या होत्या. आत दादा, पाय प्लास्टरमध्ये, आढ्याकडे बघत. मी नेहमीसारखी कडेला बसणार होते. पण मग बोलणं झालंच नसतं. म्हणून वैनीपुढे जाऊन बसले. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. काखेतलं लुगडं मी पुढे ठेवलं आणि म्हटलं, हे कापून मी एकालाच लावलं, दोघांना लावायला हवं होतं. आता दादांच्या जागी जो जोडीदार आलाय त्यालाही लावते. पण आमचे हे घालत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर घालतील.

वैनीनं लुगडं हातात घेतलं नाही.

"दोघांना लावशील," ती म्हणाली. "आणि तिसरा असंल तो?"

"चौघांना लावते."

"पुरंल?"

मी घडी उलगडली. आधीच कापलेलं, पदर गेलेला, घड्यांवर विरलेलं. इरल्याला पाठभर पट्टे घालायचे तर तिघांचं होत होतं. चौथ्याचं होत नव्हतं. खोटं कसं बोलणार, सगळ्या बघत होत्या. मी नाही म्हणून मान हलवली.

वैनी उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती तिचं पिवळं घेऊन, माझ्याहून जुनं, हळदीच्या डागांचं. शेजारची म्हातारी म्हणाली, अगो, घरधनी आत पडलाय आणि तू लग्नाचं लुगडं काढतेस? वैनीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काप," मला म्हणाली.

माझ्यानं होईना. मग तिनंच काठ दातांत धरला, तोडला आणि दोन्ही हातांनी फाडत नेला, एका दमात, टोकापर्यंत. आत दादानं तो आवाज ऐकला असणार. वैनीनं फाडलेला अर्धा तुकडा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, तुझ्या घरधन्याला सांग, मी दिलाय.