तिरक्या खोल्यांच्या बाई

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी जमिनीवर बसायच्या. खुर्ची पुढे केली तरी नको. खोलीतल्या सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात मांडी घालून म्हणायच्या, "थांब गं जरा, बघू दे."

आमची इमारत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, रस्ता वळतो तिथे. जागाच निमुळती, म्हणून एकही खोली चौकोनी नाही. कपाट भिंतीला लावलं की मागे हातभर फट. अशा घरात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, माणूस काही वर्षं चिडतो आणि शेवटी त्या कोपऱ्यात पिंप ठेवून मोकळा होतो. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, तसं करू द्यायच्या नाहीत.

अर्धांगवायू झालेल्या माझ्या आईला घरी आणलं, तेव्हा मी त्यांना बोलावलं. मागच्या तिकोनी खोलीत कॉट कुठल्याच भिंतीला बसेना.

"भिंतीला लावायचीच कशाला?" म्हणत त्यांनी ती तिरकी, मधोमध ओढली. दोन्ही बाजूंनी उभं राहून आईला कुशीवर वळवता येईल अशी. मग मला म्हणाल्या, "आता तू झोप या कॉटवर. काय दिसतं?"

"ओल आलेलं छत."

"आणि हे तिने दिवसभर बघायचं?"

कॉट पुन्हा फिरली, तोंड दाराकडे येईल अशी, डोक्याखाली जादा उशी. आई गेली तोवर आठ महिने तिला स्वयंपाकघर दिसत राहिलं. बोलता येत नव्हतं, पण मी मासे साफ करायला बसले की तिचे डोळे माझ्या हातांवर असायचे.

बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र सामान जवळजवळ नव्हतंच. यजमानांना विस्मरणाचा आजार. ते चालत चालत हॉलच्या निमुळत्या टोकाला जायचे आणि दार समजून भिंतीवर थापा मारायचे, "उघडा हो, मला घरी जायचंय." बाईंनी वाटेतलं एकेक सामान काढून टाकलं आणि त्या टोकाला एक खुर्ची ठेवली. "आता तिथे पोचले की बसतात," म्हणाल्या. थोड्या हसल्याही.

आईचं तेरावं झाल्यावर ती खोली मला बघवेना. "बाई, पाच मिनिटं येता का? खोली बदलू या," मी खालून हाक मारली. त्या आल्या. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि जिन्यात धप्पकन आवाज आला. वळणावरच्या अरुंद पायऱ्यांवर त्यांचे यजमान पडले होते, डोकं खाली. चौथ्या दिवशी ते गेले.

मी रडत काही बोलू लागले तर बाईंनी थांबवलं. "तू बोलावलंस, मी आले. बाहेरून कडी घालायची राहिली ती माझ्या हातून."

त्यानंतर त्या कुणाच्या घरी गेल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी बाळाचा पाळणा कुठे टांगू विचारायला आली, तर दारातूनच म्हणाल्या, "मला नाही कळत त्यातलं."

मे महिन्यात भाचा त्यांना डोंबिवलीला न्यायला आला. रिक्षात बॅग मीच ठेवली. इतके दिवस मनात घोळत होतं ते सांगायला वाकले, "बाई, त्या दिवशी मी..."

"सरक गं, पदर अडकलाय," त्या म्हणाल्या. मग रिक्षावाल्याला, "चला हो, गाडी चुकेल."

नंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भाच्यानेच उचलला. बाई झोपल्यात, म्हणाला.