जेद्दाचा शिक्का

आखाती युद्ध पेटलं तेव्हा मी रियाधला, ओलाया भागातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होतो. क्षेपणास्त्रं नेमकी रियाधवर यायची, आणि रत्नागिरीजवळच्या गावात आई दिवसभर रेडिओला कान लावून बसायची. तिला रक्तदाब. म्हणून मी अक्कल लढवली. माझी जेद्दाला बदली झाली, असं ठोकून दिलं. जेद्दा देशाच्या पार पश्चिम टोकाला, समुद्राकाठी, तिथं युद्धाचा ताप नाही.

पण पाकिटावर शिक्काही जेद्दाचाच हवा! आमच्या गावच्या मोहल्ल्यातला एक दोस्त तिथं बलद या जुन्या वस्तीतल्या बाजारात कापडाच्या दुकानात होता. पत्रं मी त्याला पाठवायची आणि त्यानं तिकडून टाकायची, असं ठरलं. पत्ताही त्याच्याच दुकानाचा दिला. "काकीला फसवतोस? लाज वाटत नाही?" असं म्हणाला, पण तयार झाला.

भोंगा वाजला की मी विषारी वायूच्या भीतीनं ओला टॉवेल तोंडावर धरून पलंगाखाली शिरायचो. सकाळी उठून लिहायचो, "इथं सगळं निवांत. हवा छान. साहेब देवमाणूस." अशी तीन पत्रं गेली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

एका दुपारी ऑफिसात दोस्ताचा फोन आला. "काकीचं पत्र आलंय. तुला नाही, मला. तुला सांगू नको म्हणून बजावलंय, तेव्हा नीट ऐक."

आणि वाचू लागला. "बाळा, तो अजून रियाधलाच आहे ना? समुद्राकाठी राहायला गेला म्हणतो आणि तीन पत्रांत माशाचं नाव नाही! हवा छान म्हणे! खरंच गेला असता तर पहिल्या ओळीत सुरमई आली असती."

इथवर तो खो खो हसत होता. पुढचं तो सावकाश वाचू लागला. "मला कळलंय हे त्याला कळू देऊ नको. स्वतःला जपायचं सोडून माझीच काळजी करत बसेल. तू त्याची पत्रं टाकत राहा. अक्षर दिसलं की मला पुरे."

साहेब समोर होता, तरी टाइपरायटरवर डोकं टेकून रडलो.

चौथं पत्र त्याच दिवशी लिहिलं. सुरमई, पापलेट, कोलंबी, सगळं लिहायला हात नुसता शिवशिवत होता. पण एकाही माशाचं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं.