पाटीमागची खुर्ची

“ताई, तुमचा रंग चालेल.”

अभिजितसर हे मराठीत म्हणाले. हॉलमध्ये उभ्या असलेल्या बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत. परिषद सुरू व्हायला अर्धा तास उरला होता. बोलताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. माझ्यामागे वेटर मुली रांगेत उभ्या होत्या, त्यांच्याकडे बोट करत चालले होते.

“ही चालेल. ही नको, फार गोरी आहे. ती उंच, ग्रेस, ती चालेल. आणि तुम्ही.”

बाजारात मेथीची जुडी अशी निवडतात. जुडी निदान हातात घेऊन तरी बघतात.

आधी माझं काम सांगते. दोह्यात परिषदांची व्यवस्था करणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर आहे. खुर्च्या, माइक, पाणी, हेडफोन, नावाच्या पाट्या. आदल्या दिवशी यादी करायची, त्या दिवशी एकेक खूण करत हॉलभर फिरायचं. माझ्या हॉलमध्ये कधी माइक बंद पडला नाही की कुणाची पाटी चुकली नाही. अभिजितसर माझे मॅनेजर. पुण्याचे, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, दोन वर्षांच्या करारावर आलेले. पहिल्या भेटीत त्यांनी गाव विचारलं. मग तालुका विचारला. मग अगदी सहज, चहाचा घोट घेता घेता, आडनाव. मी सांगितलं. “अच्छा, असं होय,” म्हणाले, आणि कप खाली ठेवला. तो कप खाली ठेवायची रीत मला लहानपणापासून ओळखीची आहे. तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक गोड शब्दाची आतली बाजू उलटून बघते.

त्या दिवशीची परिषद युरोपातले खासदार आणि आफ्रिका-आशियातल्या विकसनशील देशांचे खासदार यांच्या सहकार्याची होती. आधी दोह्यात बसायचं, मग सगळ्यांनी मिळून युरोपात जायचं. घोळ तिथंच झाला. युरोपच्या व्हिसासाठी या देशांतल्या बऱ्याच खासदारांनी पासपोर्ट वकिलातीत जमा केले होते. ते त्यांना परत मिळालेच नाहीत. पासपोर्ट हातात नाही तर दोह्याच्या विमानात कोण बसू देणार? युरोपातले सगळे आले, त्यांना कुठं कुणी अडवत नाही. इकडचे निम्मेही पोचले नाहीत. म्हणजे ज्यांच्याशी सहकार्य करायचं त्यांनाच दारात अडवून ठेवलं होतं. यावर कुणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही.

पाट्या लावतानाच मला खटकलं होतं. युरोपच्या बाजूला प्रत्येक पाटीवर माणसाचं नाव. या बाजूला नुसती देशांची नावं. मी विचारलं तर सर म्हणाले, “त्यांची नावं शेवटपर्यंत नक्की होत नाहीत हो.” असेल. पण देशाच्या नावामागं कुणालाही बसवता येतं, माणसाच्या नावामागं येत नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं.

“फक्त उद्घाटनापुरतं,” सर म्हणाले. “कॅमेरा वरून फिरतो. अर्धा हॉल रिकामा दिसला तर पाहुण्यांचा अपमान होईल.”

“कोणत्या पाहुण्यांचा?” मी विचारलं.

“यल्ला, चला ताई, वेळ नाही.”

खुर्च्या भरणं आमच्या धंद्यात नवं नाही. बक्षीससमारंभात, मैफलीत आम्ही कितीदा भरल्या आहेत. कुणी उठून गेलं की आमचा एखादा माणूस तिथं बसतो. पण तिथं खुर्चीपुढं पाटी नसते. इथं पाटी होती. माझ्या वाट्याला आलेल्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशातल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

रिसेप्शनच्या मुलींची काळी जॅकेटं आणली होती. माझ्या जॅकेटवर बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं होती. युरोपच्या मंडळाची सचिव बाई आमच्या रांगेपुढून गेली. माझ्या गळ्यातलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र तिनं बोटानं दाखवलं आणि सरांना इंग्रजीत म्हणाली, “हे आत घालायला सांगा. त्या देशात असं घालत नाहीत.” मला नाही सांगितलं. सरांना सांगितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि इंग्रजी मला चांगलं येतं.

मी मंगळसूत्र आत सरकवलं. होय, सरकवलं. नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चाललं होतं. तो एसी दुरुस्त करतो. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. दोह्यातल्या बिन महमूद भागातलं आमचं दोन खोल्यांचं घर माझ्या नोकरीवर उभं होतं.

ग्रेस माझ्या शेजारच्या पाटीमागं बसली. ती युगांडाची, चहाच्या टेबलावर असते. माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आज मी खासदार. चहा तुम्ही आणा.”

“आधी भत्ता घे,” मी म्हणाले.

ती तोंडावर हात धरून हसली. मागून सर खेकसले, “हसू नका. खासदार हसत नाहीत.”

भाषणं सुरू झाली. मी हेडफोन लावला. समान भागीदारी. एकमेकांचा आदर. एकमेकांचं ऐकून घेणं. एकेक शब्द आत येत होता आणि मी त्याला तपासून बाजूला ठेवत होते. माझी नजर समोरच्या छापील ठरावावर गेली. ठराव आधीच छापलेला असतो, त्यात नवल नाही. छपाईला मीच पाठवला होता. पण वाचला नव्हता. आता बसल्या जागी दुसरं कामच नव्हतं. ठरावात लिहिलं होतं, युरोपात कागदपत्रांशिवाय सापडलेली आपली माणसं इकडचे देश ठरलेल्या मुदतीत परत घेतील. आणि युरोपातले देश व्हिसा सोपे करण्याचा विचार करतील. मी आयुष्यभर याद्या केल्या. ज्या कामापुढं तारीख असते ते होतं. ज्याच्यापुढं ‘बघू’ असतं ते कधी होत नाही. मला राजकारण कळत नाही, पण यादी कळते.

ही परत पाठवायची माणसं त्या पाटीवरल्या देशाची होती. त्यांच्या वतीनं मी बसले होते. बिल्ल्याची भोकं असलेलं जॅकेट घालून.

मग अध्यक्ष उठले. पांढरे केस, मऊ आवाज. म्हणाले, मित्रांनो, आजची सुरुवात आपण एकमतानं करू. ठरावाला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावा.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बसा, हलू नका, माइकला हात लावू नका, एवढंच सांगितलं होतं. समोरच्या बाजूचे हात वर गेले. आमच्या बाजूचे खरे खासदार एकमेकांकडं बघत होते. दोघातिघांनी हात वर केले. कॅमेरा वळायला लागला. तेवढ्यात माझ्या खुर्चीमागं बुटांचा आवाज आला. सर वाकले.

“ताई, हात.”

मी ठरावाच्या कागदावरची नजर काढली नाही.

“ताई, हात करा हो वर. तेवढ्यानं काय होतंय?”

तेवढ्यानं काय होतंय. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. शब्द थोडे वेगळे, गाव वेगळं, पण वाक्य तेच.

माझी आई सरपंच होती. मराठवाड्यातल्या आमच्या गावात सरपंचपद आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव झालं, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गावातल्या मोठ्या घरांनी आईला शोधून काढलं, कारण तिला अक्षरओळख नव्हती आणि ती कुणाला उलट बोलत नसे. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सरपंचाची एक लाकडी खुर्ची होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. तिच्यावर उपसरपंच बसायचा. आई दाराशी पोत्यावर. अंगठा मात्र तिचा लागायचा. घरी आल्यावर ती चुलीपुढं बसून म्हणायची, “खुर्ची मपल्या नावाची, अन् बूड त्येचं.” आम्ही पोरं हसायचो. तीही हसायची.

पंधरा ऑगस्टला झेंडा सरपंचानं फडकवायचा असतो. त्या वर्षी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. शाळेच्या पटांगणात सगळं गाव. आई दोरी धरायला पुढं झाली, तर उपसरपंच हसत हसत म्हणाला, “अगं थांब. तू नुस्ता हात लाव दोरीला. वढतो मी. फोटूत तू आलीस म्हंजी झालं.”

आईनं हात लावला. त्यानं ओढलं. फुलं पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या रांगेत उभी होते आणि मीही टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत आईचा हात दोरीवर आहे, बोटं उघडी आहेत. तिनं दोरी धरलेलीच नाही. नुसता हात लावलाय. त्या दिवसापासून आई चुलीपुढं ते वाक्य बोलली नाही, आणि हसलीही नाही.

इतक्या वर्षांनी, समुद्र ओलांडून आल्यावर, माझ्याकडं तोच हात मागत होते. आईच्या खुर्चीवर दुसरा बसला होता. मला दुसऱ्याच्या खुर्चीवर बसवलं होतं. दोन्हीकडं फोटो काढणारा तयार.

मी हात पुढं केला. वर नाही. माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

अध्यक्षांना मी इंग्रजीत म्हणाले, “सर, ही खुर्ची रिकामी आहे. या देशाचे खासदार आलेले नाहीत. मी इथं पाणी आणि पाट्या बघते.”

एवढंच. ओरडले नाही. पलीकडच्या काचेच्या खोलीत दुभाषे बसतात, त्यांनी ते लगेच पुढं नेलं. हेडफोनमधून माझंच वाक्य दुसऱ्या भाषेत, एका पुरुषाच्या आवाजात मला परत ऐकू आलं. आमच्या बाजूच्या एका वयस्कर खासदारानं वर केलेला हात खाली घेतला. दुसऱ्यानं नाही घेतला.

अध्यक्ष हसले. किती छान हसले! “आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार,” म्हणाले. “याची नोंद घेऊ.” आणि पुढच्या विषयाकडं वळले. त्यांना आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. धक्का बसलेला माणूस इतक्या लवकर आभार मानत नाही. पण त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मानायलाही मन तयार होत नाही.

मी उठले. पाटी टेबलावर पालथी घातली, जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं, मंगळसूत्र बाहेर काढलं.

भांडी ठेवायच्या मागच्या खोलीत सर आले. तोंड पांढरं पडलेलं. “तुम्हाला कळतंय का काय केलंत? आपल्या पोटावर पाय दिलात. माझ्यासुद्धा. तुम्हाला तिथं बसवलं, मान दिला. तुम्हा लोकांना जरा मान दिला की...”

थांबले.

“कोणत्या लोकांना, सर?”

पुढचा शब्द शोधायला मी मदत केली नाही. ते वाक्य तसंच अर्धवट आमच्या दोघांच्या मध्ये राहिलं, चांगलं सापडेल अशा जागी.

ग्रेस आली ती डोळे पुसत. “मॅडम, माझा हात वर गेला. मी विचारच नाही केला.”

“गेला तर गेला,” मी म्हणाले. तिच्यामागं गावाकडं चार तोंडं आहेत. तिला भित्री म्हणायचा हक्क मला कुणी दिला?

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं. पाना हातात तसाच. मग म्हणाला, “बरं. उद्यापास्नं काय काय करायचं, त्याची यादी कर.” तो मला ओळखतो. मुलगी मात्र चिडली. तिला मराठी समजते, पण बोलते इंग्रजी.

“आई, इट वॉज जस्ट अ फोटो!”

मी तिला आजीचा झेंड्याचा फोटो दाखवला. तिनं तो आधीही पाहिला होता. आजी सरपंच होती म्हणून मैत्रिणींना अभिमानानं दाखवायची. “हात बघ,” मी म्हणाले. ती बराच वेळ बघत राहिली. तिला पटलं असं मी लिहिणार नाही. मला माहीत नाही.

दोन दिवसांनी परिषदेचे फोटो बाहेर आले. उद्घाटनाचा फोटो आहे. हात वर केलेले लोक आहेत. फोटो उजवीकडं जिथं कापलाय, तिथून माझी खुर्ची सुरू व्हायला हवी होती. खाली लिहिलंय, ठराव एकमतानं संमत. म्हणजे माझ्या बोलण्यानं त्यांचं काही अडलं नाही. मला तशी आशाही नव्हती. पासपोर्ट अडकलेले ते खासदार कधीतरी हा फोटो बघतील आणि आपल्या देशानं केव्हा हो म्हटलं, ते शोधत बसतील.

मला हॉलवरून काढून गोदामावर टाकलं. करार संपेपर्यंत तिथंच, नंतर बघू, असं ऑफिसनं सांगितलं. ‘बघू’चा अर्थ मला कळतो. म्हणून मी दुसरीकडं अर्ज टाकलेत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका परिषदेसाठी गोदामातून माणसं मागितली. खुर्च्या भरायला. निरोप अभिजितसरांचाच, दुसऱ्याच्या तोंडून: ताईंना सांगा, रंग बघून चार पाठवा.

मी खुर्च्या पाठवल्या. पाट्या पाठवल्या, माइक तपासून पाठवले. माणूस एकही पाठवला नाही. कारण विचारलं, तेव्हा सांगितलं: जो आला नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा. सगळ्यांना दिसू द्या कोण आलं नाही ते, आणि का आलं नाही ते विचारू द्या. पुन्हा मागाल तर पुन्हा हेच सांगेन. या नोकरीत सांगेन, पुढच्या नोकरीत सांगेन. आमच्या घरातला हात कुणाच्या दोरीला नुसता लावण्यापुरता यापुढं मिळणार नाही.

दोरी धरायची असेल, तर आम्हीच ओढू.