जर्मन कॅमेऱ्यातली शेळी

घडीचे जुने जर्मन कॅमेरे गोळा करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. माल कितीही आवडला तरी तोंड वाकडं करायचं, म्हणजे भाव उतरतो. मंद्रूपला बियाणं विकणाऱ्या एका आजोबांकडे काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा असाच कॅमेरा निघाला, तेव्हा मीही तेच केलं. चामड्याचा भाता शाबूत होता, भिंगावर साधा ओरखडा नव्हता, आणि मी शहाणा म्हणालो, "काहीतरी बिघडलंय बघा याच्यात."

"काय बिघडलंय, बघू की," म्हणत आजोबा मी कॅमेऱ्यावर टाकलेल्या माझ्या चादरीखाली शिरले. मागच्या काचेवरचं चित्र अंधाराशिवाय दिसत नाही, आणि सोलापूरकर त्यासाठी काळं कापड कशाला शोधेल? काचेवर दारातली शेळी दिसत होती, चारही पाय आभाळाकडे करून.

"व्हय की! उलटी दिसतीया."

"अहो, यात सगळं उलटंच दिसतं. फोटो सरळ येतो."

"आत्ता तर तुमीच म्हणाला, बिघडलंय."

त्यांनी कॅमेराच उलटा धरला. शेळी तरीही उलटीच.

"असला माल गिऱ्हाइकाला देत न्हाय आमी. दुरुस्त करून ठेवतो, मग या."

मी दुप्पट भाव देऊ केला. त्यांना माझी कीव आली.

याला दोन वर्षं झाली. परवा फोन केला तर म्हणाले, "शेळी अजून उलटीच हाय. पण काळजी करू नका, मिस्त्री बदललाय."