दागोबेर्तोचं ब्लेड

बारांकिया शहरात गल्लीतल्या नाचांना गाणी वाजवणाऱ्यांत दागोबेर्तोएवढे मोठे स्पीकर कुणाचे नव्हते, आणि तेवढी घमेंडही कुणाची नव्हती. आफ्रिकेतली एखादी दुर्मिळ तबकडी हाती पडली की तिच्यावरचं नाव तो स्वतःही न वाचता ब्लेडने खरवडून टाकायचा.

"पलीकडच्या गल्लीतल्या भिकारड्या स्पीकरवाल्यांना कशाला कळू द्यायचं?"

चाळीस वर्षांनी त्याची लाडकी तबकडी तडकली. चोरून उतरवलेली गाणी ऐकणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे, म्हणून नात ओदालिसने गाणी रीतसर विकणारं दुकान फोनवर उघडलं.

"आजोबा, गाण्याचं नाव?"

"बोकड."

"ते तुम्ही ठेवलेलं. खरं नाव काय? गायक कोण?"

दागोबेर्तो तबकडीवरचे ओरखडे उजेडात धरून वाचू लागला.

"म्हणजे त्या भिकारड्यांना जेवढं ठाऊक होतं," ओदालिस म्हणाली, "तेवढंच तुम्हालाही."